अधांतरी ठेवलेलं वाक्य

"वाक्य खाली आणू नकोस," असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

शाळेत वक्तृत्वाच्या बाईंनी वर्षभर याच्या बरोबर उलटं घोटून घेतलं होतं. वाक्य संपताना आवाज जमिनीला टेकला पाहिजे, नाहीतर ऐकणारा बिचारा लटकत राहतो, असं त्यांचं म्हणणं. आणि हे साउंडवाले काका काचेपलीकडून सांगत होते, लटकू दे की, आपलं काय जातंय.

त्यांना सगळे डबाकाका म्हणायचे, कारण त्यांची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे अगदी डबा होती. खिडकी नाही, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, आणि दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुरगुरसुद्धा ऐकू यायची. समोर माईक, आणि माझ्या हातात एक चिठ्ठी. एकच. ती वाचून झाली की डबाकाका परत घ्यायचे आणि पुढची द्यायचे. सगळा मजकूर एकदम बघायला मिळेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, परीक्षेचा पेपर आधी देतात का कधी?

मी तिथे पोचले ती आत्यामुळे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज घशात अडकायचा. मग बाईंनी मला पकडून पर्यावरणावर बोलायला उभं केलं. मी डोळे मिटून सुरुवात केली आणि उघडले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्या दिवसापासून मला गप्प बसवणं घरच्यांना जड जातंय. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पक्षाचं काम करते. पक्षाने यंदा हवा आणि वीज या दोनच विषयांवर निवडणूक लढवायचं ठरवलं होतं. कोळसा बंद, छताछतांवर सौरपट्ट्या, राखेचं तळं साफ, वीज स्वस्त, आणि ज्यांचं काम जाईल त्यांना नवं काम. मला तर यातलं अक्षरन् अक्षर पटत होतं. प्रचाराच्या गाड्यांवर तरुण, ताजा आवाज पाहिजे म्हटल्यावर आत्याने लगेच माझं नाव पुढे केलं, आणि मी हवेत.

एक अडचण होती. जे बंद करायचं ते कोळशाचं वीजकेंद्र आमच्याच शहराबाहेर आहे, आणि बाबा तिथे कोळशाच्या पट्ट्यावर कामाला आहेत. धावत्या पट्ट्यावरून कोळसा वर भट्टीकडे जातो, त्यात दगड आला, रोलर अडकला की पट्टा थांबवायचा, हे त्यांचं काम. माझ्या जन्माच्या आधीपासून. पक्षाचं धोरण मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की नवं काम आधी दाखवा, मग जुनं बंद करा. मी म्हटलं, तेच तर करणार आहेत. ते हसले. ते हसणं मला तेव्हा आवडलं नव्हतं.

तर चिठ्ठीवर लिहिलं होतं, "आम्ही निवडून आलो, की शहराबाहेरचं कोळशाचं वीजकेंद्र". पुढे काही नाही. वाक्य अर्धंच आहे, मी म्हटलं. डबाकाका म्हणाले, पुढचं दुसऱ्या चिठ्ठीवर आहे, लांब वाक्यात श्वास तुटतो म्हणून आपण तुकडे करतो. मी बाणेदारपणे सांगितलं की माझा श्वास तुटत नाही. त्यावर ते म्हणाले, तुझा नसेल तुटत, माझा तुटतो, आवाज वर ठेव.

मग दुसरी चिठ्ठी: "पहिल्याच वर्षी कायमचं बंद करू." ही मी अशी ठणकावली की काचेपलीकडची आवाज मोजणारी सुई लाल रंगात गेली. त्यानंतर रस्ते झाले, पाणी झालं, आणि मग दवाखाना. "शहरातला दवाखाना" वेगळं, "एकही माणूस कमी न करता पूर्ण क्षमतेनं चालू ठेवू" वेगळं. हे मात्र हळू म्हण, काकांनी सांगितलं, शेजारी पेशंट झोपलाय असं समज. मी तसं समजले. इतकं मऊ बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं.

बाहेर पडताना मनात शंकेची पाल चुकचुकली होती, हे कबूल करायला हवं. रस्त्यांची वाक्यं आम्ही सलग घेतली होती. तीसुद्धा लांब होती. मग तिथे कुणाचा श्वास का नाही तुटला? पण आत्या दाराशी उभी होती, तिने मला मिठी मारली आणि म्हणाली की पक्षाच्या अध्यक्षांनी माझा नमुना ऐकून विचारलं, ही कोण पोरगी? झालं. पाल गेली पळून.

घरी आणखी वेगळंच काहीतरी शिजत होतं. आई-बाबा बोलत असायचे आणि मी खोलीत गेले की एकदम गॅस संपत आल्याबद्दल चर्चा सुरू व्हायची. आमच्या घरी एवढ्यात तीनदा गॅस संपत आला. शेवटी मी आईला तिच्या औषधांच्या दुकानातच गाठलं. तिथे गिऱ्हाइकांसमोर तिला चिडता येत नाही. गोळ्यांची पाकिटं लावता लावता तिने सांगितलं. वीज कंपनीने पट्ट्यावरच्या लोकांना विचारलं होतं, की ज्याला दूरच्या जलविद्युत केंद्रावर बदली हवी, त्याने शनिवारपर्यंत नाव द्यावं. जागा मोजक्या. नंतर नाव घेणार नाहीत. जे राहतील ते इथे, केंद्र राहील तोवर. केंद्र बंद झालं तर कंपनी जबाबदार नाही.

"मग बाबा काय म्हणतात?"

"काय म्हणणार. तुझी दहावी, माझं दुकान, घर. केंद्र चालणार असेल तर कशाला उठायचं? आणि बंद होणार असेल तर बसून कसं चालेल?" आईने ड्रॉवर जरा जोरातच लावला. "तुझी आत्या म्हणते, घाई करू नकोस, कळवते."

गुरुवारी गाड्या निघाल्या. शाळेत मधल्या सुट्टीत चिमणी माझ्याकडे धावत आली. चिमणी माझ्या वर्गात आहे, लहानखुरी आहे म्हणून चिमणी. ती खालच्या वस्तीत राहते, वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याच्या काठाला. त्यांच्याकडे वारा फिरला की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात आणि तिचा धाकटा भाऊ रात्रंदिवस खोकतो. सकाळी त्यांच्या गल्लीत गाडी आली होती. माझा आवाज तिने पहिल्या शब्दाला ओळखला. पहिल्याच वर्षी कायमचं बंद करू, हे ऐकून तिच्या आईने दारात येऊन गाडी परत फिरवायला लावली, पुन्हा ऐकायला.

"तू म्हणतेस म्हणजे खरंच ना?" चिमणीने विचारलं.

मी म्हटलं, खरंच. छाती केवढी फुगली होती माझी. आणि त्याच वेळी बाबा आठवले, कारण खरंच असेल तर बाबांना परवापर्यंत नाव द्यायला हवं होतं. घरी जाऊन सांगायचंच, असं ठरवून मी निघाले.

आमची कामगार वसाहत मोठी आहे. एकसारख्या इमारती, एकसारखे जिने, कुणी पाहुणा आला की हमखास चुकीच्या घराची बेल वाजवतो. मी कोपऱ्यावर वळले तेव्हा प्रचाराची गाडी आमच्याच इमारतीसमोर होती. भोंग्यातून मी बोलत होते. रस्ते करून झाले, पाणी करून झालं. मग आलं ते. आम्ही निवडून आलो, की शहराबाहेरचं कोळशाचं वीजकेंद्र, आवाज वर, आणि मग एकदम मऊ, एकही माणूस कमी न करता पूर्ण क्षमतेनं चालू ठेवू.

मी जागच्या जागी थांबले. हे मी बोलले नव्हते. आवाज माझा होता, शब्दन् शब्द माझा होता, आणि वाक्य मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. मला तर क्षणभर माझाच संशय आला. बोलले असेन का? पण त्या मऊपणाने सगळं उघडं पाडलं. कोळशाच्या वीजकेंद्राबद्दल असं कुजबुजत कोण बोलतं? तिथे पेशंट झोपलेला होता. तो दवाखान्याचा तुकडा होता.

वर पाहिलं तर बाबा खिडकीत. गाडी पुढे गेली तरी तसेच उभे. घरात शिरले तेव्हा त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की मी बोलायची ती राहूनच गेले. ते म्हणाले, आत्या कळवते म्हणाली होती, ते हेच. आणि कळवलं कुणाच्या तोंडून, तर माझ्याच पोरीच्या. त्यांनी आईला हाक मारून सांगितलं की विषय संपला, आपण कुठेही जात नाही. आई डोळे पुसत हसत होती. खूप दिवसांनी आमच्या घरात गॅस संपत आला नव्हता.

मला त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होते मी? चालू ठेवू हे खोटं आहे, हे मला माहीत नव्हतं. बंद करू हे खोटं असू शकत होतं. दोन्ही माझ्याच आवाजात होतं आणि दोन्हीपैकी खरं कुठलं हे मलाच ठाऊक नव्हतं. रात्रभर मी एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून पाहिलं. डबाकाकांनी चुकून जोडलं असेल? चुकून जोडलं तर इतकं बरोबर कसं जुळेल? आणि आत्या? नुकतंच तिच्या पर्समध्ये पेन शोधताना मला पक्षाचे दोन बिल्ले दिसले होते, एकावर हिरवं पान, एकावर पिवळा बल्ब. दोन का, असं विचारलं होतं, तर म्हणाली, साडीला मॅचिंग. मी हसले होते तेव्हा. आता हसू येईना.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी थेट डब्यात. काका हेडफोन लावून बसले होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता खुर्ची दाखवली. दवाखान्याचा तुकडा कोळशाला का लावला, मी विचारलं. ते म्हणाले, मी शिंपी आहे, माप येतं तसं शिवतो. प्रत्येक भागाचं माप वेगळं. मग माप कोण देतं? त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"कुठली गाडी कुठल्या गल्लीत, ते तुझी आत्या ठरवते. मला कशाला विचारतेस?"

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली. हातात बिस्किटांचा पुडा, चेहऱ्यावर विजय. बिल्ला बल्बचा. बाबांनी तिला चहा घेताना सांगितलं की ती म्हणाली नसती तर उद्या ते नाव देऊन आले असते. आत्याचं बिस्किट चहात बुडवलेलं होतं, ते तिथेच राहिलं. ती म्हणाली, बरं झालं दादा. पण ते ‘बरं झालं’ मला काही बरं वाटलं नाही. तिने बाबांकडे बघून म्हटलंच नव्हतं. कपाकडे बघून म्हटलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी उभी राहिले. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहते तशीच, हात मागे.

"आम्ही निवडून आलो, की शहराबाहेरचं कोळशाचं वीजकेंद्र," मी म्हणाले आणि आवाज वर ठेवून थांबले. "आत्या, पुढचं तू म्हण."

आई म्हणाली, हे काय नवीन. आत्या हसून म्हणाली की नाटकं पुरे, चहा गार होतोय. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि पुन्हा तिथेच थांबले. मग मी बाबांना सांगितलं, की खालच्या वस्तीत हेच वाक्य माझ्याच आवाजात कायमचं बंद करू असं संपतं. हवं तर चिमणीला विचारा, तिच्या आईने दोनदा ऐकलंय. आणि चालू ठेवू हे मी दवाखान्यासाठी बोलले होते.

बाबांनी कप खाली ठेवला. ते आत्याकडे बघत होते, मी आयुष्यात त्यांना तिच्याकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. लहानपणी तिचं दप्तर तेच उचलायचे, असं आजही कौतुकाने सांगतात.

"म्हण की," ते म्हणाले. "वसाहतीसाठी नको, वस्तीसाठी नको. मला सांग."

आत्या सांगू लागली. पक्षाची भूमिका समतोल आहे. पर्यावरण तर जपायचंच आहे, पण विजेची गरजही नाकारता येत नाही. टप्प्याटप्प्याने, सर्वांना विश्वासात घेऊन, तज्ज्ञांची समिती. ती इतकं छान बोलत होती की मला माझ्याच भाषणांची आठवण आली आणि कसंसंच झालं. तिचं सगळं बोलून झालं आणि वाक्य होतं तिथेच होतं.

"निवडणूक तर होऊ दे, दादा," शेवटी ती म्हणाली.

"म्हणजे बंद होणार."

"तसं नाही रे."

"मग चालू राहणार?"

आत्याने बिल्ला चाचपला. मग एकदम तिचा आवाज लहान झाला, कार्यकर्तीचा राहिलाच नाही. "ठरलंच नाहीये अजून. वर कुणाचंच ठरलेलं नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाले, आधी दोन्हीकडची मतं येऊ देत."

आई म्हणाली, आणि तू आम्हाला घाई करू नका म्हणत होतीस. आत्याने सांगितलं ते एवढंच, की पुढच्या वेळी तिला उमेदवारी मिळायची होती, आणि वसाहत हातची गेली तर तिचं नाव कुणी घेणार नव्हतं. ती रडली नाही. जाताना मला जवळ घ्यायला आली आणि मी नकळत मागे सरकले. तिच्या ते लक्षात आलं.

शनिवारी सकाळी मी बाबांबरोबर केंद्राच्या फाटकापर्यंत गेले. नावं घेणारी खिडकी आत, कार्यालयात होती, मला आत सोडत नव्हते. बाबा गेले आणि मी बाहेर झाडाखाली उभी राहिले. पाळीवर येणारे बरेच जण मला ओळखत होते. एकेक जण थांबून म्हणायचा, काय आवाज आहे गं तुझा, जीव भांड्यात पडला आमचा. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ऐकणारे फक्त बाबाच नव्हते.

मग मी सांगायला सुरुवात केली. माईक नव्हता, पण मला तो लागतोय कशाला. वाक्य कसं कापलं, कुठला तुकडा कुठे लावला, सगळं सांगितलं. बाबांच्याच पाळीतले एक जाडे काका, जे लहानपणी मला खांद्यावर बसवायचे, ते डबा काखेत धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे बारीक केले.

"समोरच्या पक्षाने काय कबूल केलंय गं तुला? मोबाईल?"

मी म्हटलं, काका, मी खरं सांगतेय. ते म्हणाले, परवाही तू खरंच सांगत होतीस ना? मागचे दोघं-तिघं हसले. एकाने विचारलं, काल एक, आज दुसरं, उद्या काय म्हणणार आहेस, तेवढं आजच सांगून टाक. मला इतका राग आला की कान गरम झाले, आणि राग कुणाचा करावा तेच समजेना. त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच बोलले असते. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा पक्ष त्यांना दिसत नव्हता. त्यांना मी दिसत होते.

तेवढ्यात फाटकासमोरच्या रस्त्यावरून गाडी आली. भोंग्यातून माझा आवाज आला, स्वच्छ, वर ठेवलेला, मग मऊ. एकही माणूस कमी न करता. सगळे गप्प होऊन ऐकू लागले, मी तिथे उभी असून. गाडी गेल्यावर जाडे काका म्हणाले, "राग मानू नकोस पोरी, पण गाडीवर तू जास्त खरी वाटतेस." आणि ते आत निघून गेले. बाकीचेही पांगले.

बाबा बाहेर आले तेव्हा फाटकापाशी दोघंच उरले होते. आमच्यापासून थोडं लांब उभे, माझ्याकडे बघत आणि मी बघितलं की नजर फिरवत.

"झालं?" मी विचारलं.

झालं, बाबा म्हणाले. जागा शिल्लक होत्या. चिकार. परवापर्यंत लोक रांग लावणार असं वाटत होतं म्हणे, आणि गुरुवार दुपारपासून एकही माणूस खिडकीशी फिरकला नव्हता. कारकुनाने बाबांकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, भोंग्यावर तुमचीच मुलगी ना, मग तुम्हीच कसे चाललात, आतली काही खबर आहे का?

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, आतली खबर ही आहे की आत काहीच ठरलेलं नाही. तो म्हणाला, असं कसं होईल. म्हटलं, नाव लिहा."

त्यांनी घड्याळ पाहिलं. खिडकी दुपारपर्यंत उघडी होती, आणि रात्रपाळीची माणसं आता सुटायची होती. आतून पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. ते दोघं अजून तिथेच होते. त्यातला एक बाबांकडे बघत होता, काहीतरी विचारावं की नको अशा विचारात.

"तुझं कुणी ऐकत नाहीये वाटतं," बाबा म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि झाडाला टेकून उभे राहिले.

"जा, पुन्हा सांग. मी इथेच दिसेन असा थांबतो."

मी त्या दोघांच्या दिशेने चालू लागले. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. पण या वेळी ते पांगले नाहीत.